दोन ओळी कमी पडतायत

सकाळी सव्वासातला माझा फोन वाजतो. त्या वेळी माझ्या एका हाताला कणीक असते आणि दुसऱ्या हातात उलथनं, म्हणून मी कोपरानं स्पीकर चालू करते. पलीकडून हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"अक्का, शुक्राची स्वतःभोवती एक गिरकी पुरी व्हायच्या आत त्याचं वर्ष संपतंय, माहीत आहे का?"

"अण्णा, चपाती करपतेय."

"गिरकीला २४३ दिवस आणि सूर्याभोवती फिरायला २२५. म्हणजे एवढा सावकाश गडी की एक गिरकी मारेपर्यंत वाढदिवस येऊन जातोय. बरं, ठेवतो."

झालं. चाळीस सेकंद. नवरा आतून विचारतो, "आज काय?" मी म्हणते, "शुक्र." तो म्हणतो, "काल तर ऑक्टोपस होता." ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे आमच्या घरात आता कामवाल्या मावशींनाही ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं, "एकाचंच एवढं दुखणं असतंय वैनी, तीन कशाला पायजेत?"

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८४. ते सांगलीच्या गावभागात माझ्या धाकट्या भावाकडे राहतात, मी विश्रामबागेत. मध्ये जेमतेम रिक्षाचं अंतर. सकाळच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की त्यांचा हात फोनकडे जातो. बातम्यांत जे आलं ते सांगायला नव्हे. जे आलं नाही ते सांगायला.

कारण अण्णा कंपोझिटर होते. सांगलीतल्याच एका दैनिकाच्या छापखान्यात तीस वर्षं त्यांनी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, आणि नजर हस्तलिखितावर. देवनागरीच्या केसला खण किती असतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा श वेगळा, जोडाक्षरांची तर अख्खी वस्ती. अण्णांचा हात न बघता बरोबर खणात जायचा. घरी चिवड्याच्या डब्यातून शेंगदाणे वेचतानाही तो हात तसाच चालायचा, आणि आई म्हणायची, "तिथं काय कंपोझ करताय?"

रात्री पान लावताना एक गोष्ट हमखास व्हायची. बातमी संपायची आणि कॉलम उरायचा. दोन ओळींची जागा, चार ओळींची जागा. शिशाच्या पट्ट्या घालून ओळी सैल करता यायच्या, पण त्याला मर्यादा असते. बातमी दात पडलेल्या माणसासारखी दिसायला लागते. मग अण्णा फळीवरून ओरडायचे, "दोन ओळी कमी पडतायत!" आणि संपादकांच्या खोलीतून एखादं पानपूरक यायचं. *जिराफाच्या मानेत माणसाइतकीच म्हणजे सात हाडे असतात.* दोन ओळी. पान बंद, फर्मा मशीनवर.

पुढे पुढे अण्णांनी शहाणपणा केला. दुपारी काम नसलं की ते अशी पानपूरकं आधीच जुळवून, सुतळीनं बांधून एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. ओळींप्रमाणे लावलेली. त्यामुळे त्यांच्या डोक्यात जगाचं ज्ञान विषयवार कधी बसलंच नाही, ते बसलं ओळींच्या हिशेबात. जिराफ दोन ओळींचा. शुक्र तीन. ऑक्टोपस दीड, म्हणजे गैरसोयीचा. ऑस्ट्रेलियात १९३२ साली लष्करानं मशीनगन घेऊन एमू पक्ष्यांविरुद्ध मोहीम काढली आणि पक्षी काही आटोपले नाहीत, हे सहा ओळींचं. शनिवारी मजकूर कमी असायचा तेव्हा ते वापरायचं. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या जगाची लांबी अशी ठरलेलीच असते आणि ती फक्त अण्णांना माहीत आहे.

त्या डब्यातलं माझं सगळ्यात लाडकं पानपूरक दोन ओळींचं होतं. *कावळा संपूर्ण आयुष्यात फक्त एकदाच हसतो, असे पक्षीनिरीक्षकांचे म्हणणे आहे.*

हे मी पाचवीत असताना शाळेच्या फळ्यावर 'आजची माहिती' म्हणून लिहिलं होतं. बाईंनी शाबासकी दिली. पुढचे कित्येक महिने मी परसातल्या शेवग्यावर बसणाऱ्या कावळ्यांकडे टक लावून बघायची, कोणाचा नंबर आज लागतोय म्हणून. आजी गेली तेव्हा दहाव्याला कृष्णेच्या घाटावर सगळे हात जोडून उभे होते, कावळा काही पिंडाला शिवेना. काका म्हणत होते, "आई, नातीच्या लग्नाचं बघतो." आत्या म्हणाली, "पाटल्यांचं बोल." आणि मी मात्र बघत होते तो कावळा हसून झालेला आहे की अजून राहिलाय. तो दुःखी दिसत होता, म्हणजे झालेलं असावं.

सांगलीत वाढलेल्या माणसाला फुटकळ माहितीची तशी वानवा नसते. शहराच्या नावापासूनच सुरुवात. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असं प्रत्येक सांगलीकर पाहुण्याला सांगतो आणि पाहुण्यानं "कुठल्या सहा?" विचारलं की प्रत्येकजण वेगळ्या सहा मोजतो. अण्णांच्या सहांत आमची गल्ली असतेच. (साताऱ्याच्या लोकांचंही असंच आहे. सात तारे की सतरा दरवाजे, यावर त्यांच्यात एकमत नाही. पण ते साताऱ्याचं साताऱ्याला.)

मग येतात जन्माला आलेली माणसं. आशा भोसले सांगलीच्या, ८ सप्टेंबर १९३३. विजय हजारे सांगलीचे, आणि त्यांच्याच कप्तानीत भारतानं १९५२ साली मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवला. स्मृती मंधानाचा जन्म मुंबईचा, पण दोन वर्षांची असताना ती इकडे आली, म्हणून अण्णा तिला "निम्मी नव्हे, पावणेदोन आणे कमी सांगलीची" म्हणतात. हा हिशेब त्यांनी कसा काढला ते विचारू नये. आणि नाटक? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाखाली 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन साजरा करतो. त्या दिवशी अण्णांचा फोन सातलाच येतो. बातम्यांना थांबत नाहीत.

नाटकावरून सिनेमा. मागच्या महिन्यातला किस्सा. रविवार होता, मी गावभागात गेले होते, वहिनी कांदा चिरत होती. अण्णांनी विषय काढला की फाळक्यांच्या १९१३ च्या पहिल्या सिनेमात तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी साळुंके नावाचा एक तरुण उचलला. मुंबईत हॉटेलात आचारी होता.

"आणि मग १९१७ ला 'लंकादहन' काढला, तर त्यात राम पण साळुंके आणि सीता पण साळुंके."

वहिनी सुरी थांबवून म्हणाली, "दोन्ही तोच? मग अग्निपरीक्षा कोण कुणाची घेणार?"

अण्णा हे वाक्य दोन दिवस सगळ्यांना ऐकवत होते. पोस्टमनलासुद्धा. माझ्या मते तारामती व्हायला आचारी का निवडला, याचं उत्तर वहिनीला त्यांच्यापेक्षा जास्त कळलं असतं, पण ती पुन्हा कांद्याकडे वळली.

मला स्वतःला आवडतो तो आटपाडीचा किस्सा, कारण तो मीही काही अंशी शोधलाय. एका लग्नाला आम्ही आटपाडीला चाललो होतो. वाटेत 'स्वतंत्रपूर' अशी पाटी दिसली आणि अण्णांनी गाडी थांबवायला लावली. औंध संस्थानच्या काळात, १९३९ साली, इथं भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला. आटपाडी तेव्हा औंधच्या राजाकडे. सलग प्रदेश नसलेलं, ठिगळाठिगळांचं बहात्तर गावांचं संस्थान. कल्पना कोणाची? मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरची. पोलंडचा माणूस आटपाडीच्या माळावर येऊन औंधच्या राजाला म्हणतो की कैद्यांना कुंपण न घालता शेती करू द्या, आणि राजा ऐकतो! पुढं शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर, म्हणजे याच तालुक्याचे, त्यांनी त्यावर कथा लिहिली, शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि तो बर्लिनहून रुपेरी अस्वल घेऊन आला. त्यात बैलाशी झुंज करताना बापूंच्या डोळ्याला जबर इजा झाली होती.

एवढं सगळं एका पाटीमागे. गाडीतली बाकीची मंडळी "अक्षता चुकतील" म्हणून ओरडत होती. अण्णा पाटीकडे बघत म्हणाले, "या गृहस्थाचं नाव मी एकदा लावलं होतं. फ्री जुळेना. खाली र जोडलेला फ होता, पण वेलांटी घातली की ओळ फुटायची. शेवटी नुसतं 'मॉरिससाहेब' केलं."

अक्षता चुकल्याच. जेवण मात्र मिळालं.

गंमत अशी की या लग्नाहून येताना मला पहिल्यांदा कळलं, पानपूरकातला माणूस कुठेतरी खरोखर राहिलेला असतो. वाचताना आपल्याला तो फक्त दोन ओळींचा वाटतो. आटपाडीचाच दुसरा असा म्हणजे सर्जा. हा मेंढा. माडग्याळ जातीचा, पोपटासारखं बाकदार नाक, आणि रुबाब असा की २०२० च्या डिसेंबरात त्याला सत्तर लाखांची मागणी आली. मालकानं नको म्हटलं, त्याला दीड कोट पाहिजे होते. बातमी देशभर गेली. भावानं लगेच मोबाईल काढून मटणाच्या भावानं किलोचा हिशेब केला आणि गप्प बसला. मी पतसंस्थेत काम करते, त्यामुळे माझ्या डोक्यात आलं की या तारणावर कर्ज मागायला कोणी आलं तर फॉर्मवर 'स्थावर' लिहायचं की 'जंगम'. अण्णांनी एवढंच विचारलं, "छापलं कितव्या पानावर?" पहिल्या पानावर म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. असल्या बातमीची जागा तळात असते, त्यांच्या मते. वर आणली की तिची चव जाते.

हे मला पटतं. हल्ली सगळं वरच असतं. फोन उघडला की नटीनं कुठल्या रंगाचा ड्रेस घातला, कुठं माकडानं आमदाराचा चष्मा पळवला, सगळं पहिल्या पानावर, एकाच मापाचं. तळच राहिला नाही. आणि खरं-खोटं? युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हे मला गेल्या पंधरा वर्षांत किमान चाळीस जणांनी पाठवलंय. युनेस्कोनं असं कधीच काही केलेलं नाही. अण्णांची याला एक साधी कसोटी आहे. ते विचारतात, "डेटलाइन कुठाय?" कुठल्या गावाहून, कुठल्या तारखेला? ज्या बातमीला गाव नाही आणि तारीख नाही ती त्यांच्या लेखी अनाथ. "आम्ही खिळे उलटे वाचायचो," ते म्हणतात, "तुम्ही सुलटं पण वाचत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याचा पुढे उपयोग झाला.

आता थोडं पाण्याविषयी सांगावं लागेल, कारण त्याशिवाय हा सकाळचा फोन कळायचा नाही.

सांगलीकराला बाकी कुठली आकडेवारी पाठ नसली तरी फूट पाठ असतात. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य "आयर्विनला किती?" कृष्णेवरचा हा पूल १९२९ सालचा, नाव त्या वेळच्या व्हॉइसरॉयचं, पण त्या साहेबाचं कुणाला काही पडलेलं नाही, आयर्विन म्हणजे आमच्यासाठी मोजपट्टी. चाळीस फूट म्हणजे सामान माळ्यावर टाकायला काढायचं. पंचेचाळीस म्हणजे धोका. ही सुद्धा एक फुटकळ माहितीच, एरवी. जुलैत छत्री घेऊन पाणी बघायला जायचं, भडंग खायचं, परत यायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आकडा सत्तावन्नच्या पुढे गेला.

अण्णांना आम्ही आधीच माझ्याकडे आणलं होतं. ते आठवडाभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले. पेपर येत नव्हते, वीज नव्हती, फोन लागला तर पलीकडचा माणूस फक्त आकडा सांगायचा आणि ठेवायचा. त्या सात-आठ दिवसांत त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही. जिराफ नाही, एमू नाही. एकदाच म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी हेच पाणी आपण रेल्वेनं लातूरला पाठवलं होतं." खरं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत सुटली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि मिरज स्टेशनवर लोक पाण्याला हार घालायला गेले होते. मी म्हटलं, "हे सहा ओळींचं आहे अण्णा." ते हसले नाहीत.

पाणी उतरल्यावर गावभागात गेलो. तळमजल्यावर गुडघाभर गाळ. अण्णांच्या खोलीत कॉटखाली पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात त्यांच्या कात्रणवह्या. तेवीस. कुठल्याशा पेढीच्या रद्दीतून आणलेल्या जुन्या खतावण्या, त्यात खळ लावून चिकटवलेली पानपूरकं. त्यांनी स्वतः जुळवलेली आणि दुसऱ्यांची सुद्धा. ट्रंक उघडली तर आत एक वीट होती. सगळ्या वह्यांची मिळून एक. भावानं ती गादीबरोबर, सोफ्याबरोबर ट्रॉलीत टाकली. अण्णांनी एकच विचारलं, "शाई सुटली का?" मी एक पान सोलून बघितलं. शाई तशीच होती, काळी कुळकुळीत. छपाईची शाई तेलातली असते, पाण्याला दाद देत नाही. कागद मात्र बोटात आला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला फोन आला. सव्वासात. "अक्का, केळं हे शास्त्राप्रमाणे बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी ही बेरी नाही. महाबळेश्वरवाल्यांना सांगू नको."

मी म्हटलं, "अण्णा, सकाळी सकाळी हे काय?"

"कागद भिजतोय. तुला सांगून ठेवतो."

तेव्हापासून रोज. २०२१ साली पाणी पुन्हा आलं तेव्हा दहा दिवसांचा खंड, नाहीतर रोज. मला आधी वैताग यायचा, खोटं कशाला सांगू. महिनाअखेरीला पतसंस्थेत हिशेब लागत नसताना माणसाला वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची विष्ठा चौकोनी असते हे ऐकायचं नसतं. (असते. आतड्याच्या भिंतीचा ताण सगळीकडे सारखा नसतो म्हणून. त्या संशोधनाला २०१९ चं इग नोबेल मिळालं. हे हसवणारं नोबेल आहे, १९९१ पासून देतात. अण्णांचं मत, "चांगलं आहे, रचून ठेवता येतंय.") त्याच बक्षिसाची दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मात्र मी गॅस बंद करून ऐकली. उत्तर प्रदेशातले लालबिहारी. महसुली कागदावर मेलेले. नातेवाइकांनी जमिनीसाठी त्यांना दप्तरात मारून टाकलं, आणि ते अनेक वर्षं 'मी जिवंत आहे' हे सिद्ध करत फिरले. आपल्यासारखीच आणखी माणसं आहेत म्हटल्यावर मृतक संघ काढला. २००३ ला त्यांना शांततेचं इग नोबेल. आमच्या भाषेत सांगायचं तर माणूस दारात उभा आणि सात-बारा म्हणतो वारस लावा.

"हे पानपूरक नव्हे अण्णा," मी म्हटलं.

"नव्हेच. पण जागा तीच मिळते असल्या माणसाला."

हळूहळू मीही परतफेड करायला लागले. त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी द्यायचं, ही एक वेगळीच खुमखुमी असते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळाचा भोंगा होतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा, माणसांनी माणसांशी बोलायचं. हे मी सांगितलं तर त्यांना आधीच माहीत. वहिनीची चुलत जाऊ तिथली. देवराष्ट्र्याच्या एका कारागिरानं साठ हजारांत भंगारातून जीप केली, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली, हेही माहीत. वर मलाच, "देवराष्ट्रे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्या गावचा माणूस किक मारून लांब जाणारच."

एकदाच मी त्यांना गप्प केलं. १८ एप्रिल १९३०, लंडन. बघा, गाव आहे, तारीख आहे. बीबीसी रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली, निवेदक आला आणि म्हणाला, आज काही बातमी नाही. उरलेला वेळ पियानो वाजवला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"आणि डब्यातलं काहीतरी घालायचं सुचलं नाही त्यांना?"

"पियानो घातला की."

"हां," अण्णा म्हणाले. "म्हणजे त्यांच्याकडे डबा नव्हता."

आता मागच्या बुधवारचं. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर रोज गुलाबाच्या फुलावर काहीतरी येतं. त्या दिवशी आलं: *शास्त्रज्ञांनी सिद्ध केले! कावळा संपूर्ण आयुष्यात फक्त एकदाच हसतो!! दहा जणांना पाठवा.* खाली 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' आणि दोन बाण.

मला इतका आनंद झाला की मी चालायची थांबले. चव्वेचाळीस वर्षांनी शाळेतला मित्र भेटावा तसं. एका बाईंनी लगेच तीन टाळ्या टाकल्या, दुसऱ्यांनी "निसर्गाची किमया" लिहिलं. मी तशीच रिक्षा करून गावभागात गेले. अण्णा ओसरीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

"अण्णा, कावळा आला!"

त्यांनी चष्मा लावून फोन लांब धरला, वाचलं, परत दिला, आणि दुसरा गाल करायला घेतला. मला वाटलं, त्यांना आठवत नाही.

"तुमच्या डब्यातला. दोन ओळींचा. मी फळ्यावर लिहिला होता."

"हं."

"खरंच असं आहे का हो? मी कधी शोधलंच नाही. कुठल्या पक्षीनिरीक्षकानं सांगितलं होतं?"

वस्तरा थांबला. अण्णांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. वहिनी आतून चहा घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"अण्णा. डेटलाइन कुठाय?"

"साल बहात्तर असेल," ते म्हणाले. "रात्रीचा दीड. संपादक घरी गेलेले. डबा रिकामा. शेवटच्या पानाला कॉलम उरलेला, मशीनवाला शिव्या द्यायला लागलेला. खिडकीत एक कावळा बसला होता, अंधारात कसा काय आला कुणास ठाऊक. चोच उघडून बसलेला."

"म्हणजे तुम्ही—"

"दोन ओळी कमी पडत होत्या."

वहिनीच्या हातातला कप बशीत वाजला. मी पायरीवर बसले. शाळेचा फळा, शेवग्याचं झाड, आजीचा दहावा, ग्रुपवरच्या तीन टाळ्या, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. पन्नास वर्षं हा माणूस लोकांच्या बातम्यांना गाव विचारतोय.

"अण्णा, हे साफ खोटं आहे. कावळा हसत नाही."

त्यांनी टॉवेलनं गाल पुसला, पाणी अंगणात टाकलं, आणि समोरच्या तारेवर बसलेल्या एकाकडे बघून म्हणाले, "एकदाच हसतो म्हटलंय मी. तू बघितलास तेव्हा त्याचं हसून झालेलं असेल की."